येलदरीचे पाणी आणि गावाची टाकी

वाचकहो, सकाळी नळाला पाणी आले की पहिला हंडा भरताना तुम्ही कधी त्या पाण्याचा वास घेतला आहे का? औषधाचा किंचित उग्र वास यायला हवा. तो आला तर नाक मुरडू नका. आला नाही, तर मात्र थोडे थांबा आणि माझ्याबरोबर परभणी जिल्ह्यात चला. चार दिवस मी तिकडे पाण्याच्याच मागे हिंडून आलो.

परभणीच्या बसस्थानकावर जिंतूरची एसटी धरा. शेजारचा प्रवासी तुम्ही बाहेरगावचे आहात हे ओळखून 'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे ऐकवणारच. हसून मान हलवा, गप्पा सुरू होतात. झरी मागे पडते, बोरी येते. दोन्ही बाजूंना काळीभोर जमीन, कापूस, सोयाबीन, मधूनच तुरीचे पट्टे. जिंतूर जवळ आले की मुलूख बदलतो. जमीन हलकी होते, टेकड्या डोके वर काढतात. जिंतूरहून पुढे पूर्णा नदीवर येलदरीचे धरण आहे.

१९६८ साली पुरे झालेले हे मातीचे धरण. भिंत सव्वाचार किलोमीटर लांब, पाणी मावते सुमारे ९३४ दशलक्ष घनमीटर, आणि पायथ्याला २२.५ मेगावॅटचे वीजघर. खाली सिद्धेश्वरचा जलाशय आहे. तो आता हिंगोली जिल्ह्यात गेला, कारण १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली वेगळा निघाला. जिल्हे वेगळे झाले, पाणी मात्र एकच राहिले. याच पाण्यावर वसमत-नांदेडकडचे कालवे वाहतात.

धरणाच्या कडेला बसून मी ओंजळभर पाणी उचलले. दिसायला नितळ. माझ्याबरोबर आलेला गुराखी म्हणाला, "प्या की, लई गोड हाय." गोड होतेही. पण वाचकहो, पाण्याची गंमत अशी आहे की डोळ्याला आणि जिभेला जे कळते ते फार थोडे. त्याच काठावर म्हशी बसल्या होत्या, वरच्या अंगाला शेतांतून ओहोळ येऊन मिळत होते. पाणी पिण्याजोगे आहे की नाही, हे सांगायला मोजमाप लागते.

ते मोजमाप आपल्या देशात छापील आहे. भारतीय मानक संस्थेने १९८३ साली पिण्याच्या पाण्याचे मानक काढले. त्याचा क्रमांक १०५००. १९९१ आणि २०१२ मध्ये ते सुधारले. नळयोजनेला ते कायद्याचा बडगा दाखवत नाही, पण सरकारी योजना आणि प्रयोगशाळा याच पट्टीने पाणी मोजतात. त्यातले चार आकडे तुमच्या स्वयंपाकघराशी संबंध असलेले आहेत, तेवढेच सांगतो. १०० मिलिलिटर पाण्यात, म्हणजे अर्ध्या पेल्यात, विष्ठेतून येणारा एकही जंतू नको. औषध टाकल्यानंतर लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहिला पाहिजे. जडपणा २०० पर्यंत चांगला, दुसरे पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा. आणि नायट्रेट ४५ च्या वर अजिबात नको, तिथे सवलत नाही. (हे शेवटचे तिन्ही आकडे लिटरमागे मिलिग्रॅमचे आहेत.)

आता हे पाणी परभणी शहराकडे कसे जाते ते पाहा. पूर्वी शहर पूर्णेवरच्या राहाटीच्या बंधाऱ्यातून पाणी उचलत असे. पुढे येलदरीहून थेट मोठी जलवाहिनी टाकली आणि पाणी शहराजवळ धर्मापुरीला आणून शुद्ध करायचे ठरले. अशा शुद्धीकरण केंद्रात चालते काय? पाण्याला वारा लावतात. तुरटी घालून ढवळतात. गढूळपणाच्या गुठळ्या होऊन त्या मोठ्या हौदात तळाशी बसतात. वरचे निवळ पाणी वाळूच्या थरातून गाळतात. शेवटी क्लोरीन. आपली आजी रांजणात तुरटीचा खडा फिरवायची आणि घागरीच्या तोंडाला फडके बांधायची, तेच काम मोठ्या आकाराने. फरक एवढाच की इथे तुरटी किती घालायची ते रोज नमुना घेऊन ठरवावे लागते. पावसाळ्यात पहिला लोंढा आला की कालचे माप आज चुकते. गढूळ पाण्यात क्लोरीन टाकला तर तो गाळच खाऊन टाकतो, जंतू तसेच राहतात.

परभणीला २०११ साली महानगरपालिका झाली. तिच्याकडे अभियंते असतात, प्रयोगशाळा असते, पाळीवर माणसे असतात. दोन हजार वस्तीच्या गावाकडे काय असते? एक विहीर, एक टाकी, एक मोटार, एक पाणी सोडणारा माणूस आणि एक बादली. मानकाचे पुस्तक मात्र दोघांना एकच. जंतू काही वस्ती मोजून पोटात शिरत नाहीत, तेव्हा पुस्तक एकच असायला हवे हे खरे. पण मग बादलीवाल्या गावाने ते पाळायचे कसे आणि त्याला पैसे किती लागतात? हाच प्रश्न डोक्यात घेऊन मी दुसऱ्या दिवशी सेलू तालुक्यात गेलो.

तिथे वालूरची बारव मुद्दाम पाहावी. गोल विहीर, आणि पायऱ्या चक्रासारख्या फिरत खाली उतरतात. गाळाने भरलेली ही बारव गावकऱ्यांनी खपून मोकळी केली, त्यांचे कौतुक करावे तेवढे थोडे. जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्यालाही अशीच जुनी देवळे आणि बारव आहे. त्या पायऱ्यांवर बसल्यावर मला मात्र नारू आठवला. तुमच्या घरात सत्तरीच्या पुढचे कोणी असेल तर विचारा. पायावर फोड यायचा, त्यातून दोरीसारखा किडा निघायचा, काडीला गुंडाळत दिवसेंदिवस ओढायचा. ऐन पेरणीत घरचा कर्ता माणूस खाटेवर. महाराष्ट्रातही हा रोग ठाण मांडून होता. त्याची वाट पायऱ्यांच्या विहिरीतून जायची: रोग्याचा पाय पाण्यात बुडे, किड्याची पिले पाण्यातल्या बारीक जीवांच्या पोटात जात, ते पाणी दुसरा पीत असे, आणि वर्षभराने त्याच्या पायाला फोड येई. हा रोग देशातून गेला. शेवटचा रोगी १९९६ साली राजस्थानात सापडला आणि फेब्रुवारी २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. एवढा मोठा रोग घालवला कशाने? पायऱ्या बंद केल्या, रहाट बसवले, हापसे दिले, विहिरीत औषध टाकले आणि बायाबापड्यांना पाणी फडक्याने गाळायला शिकवले. यातले फडके तर घरचेच होते.

हापशावरून आठवले. १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यात गावोगाव बोअर पडले आणि हापसे बसले. देशभर 'इंडिया मार्क २' नावाने गेलेल्या हापशाचे मूळ आपल्या शेजारच्या जालन्यात आहे. तिथल्या मिशनने केलेल्या 'जालना पंपा'वरून सोलापूरचा पंप झाला आणि त्यावरून पुढे मार्क २. बोअरच्या पाण्यात जंतू कमी, म्हणून नारू आणि पटकी दोन्ही मागे हटले. पण खोलातले पाणी खडकातून क्षार घेऊन येते. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, बंबाला आतून पांढरा थर चढतो, ही सगळी जडपणाची लक्षणे गृहिणींना पाठ आहेत.

तिसऱ्या दिवशी मी ज्या गावी उतरलो त्याचे नाव सांगत नाही. गाव साधारण दोन हजार वस्तीचे, चारशे उंबरे. सरपंचबाई चाळिशीच्या, बोलायला मोकळ्या. आधी चहा आणि मगच पाणी, असा त्यांचा शिरस्ता. म्हणाल्या, "दादा, गेल्या पावसाळ्यात माझा भाचा सलाईनवर होता. वाडीत बावीस माणसं जुलाब-वांतीनं लोळली. तवापासून मला नळाकडं बघवत नाही."

झाले काय होते? नळाची वाहिनी एका ठिकाणी गटारातून गेलेली. तिचा सांधा गळका. पाणी सुटे तेव्हा नळाचे पाणी बाहेर झिरपे, आणि पाणी बंद झाले की रिकामी वाहिनी गटारातले पाणी आत ओढून घेई. त्यात टीसीएल टाकलेले नव्हते. म्हणजे पावडर होती, पण तिच्यात जोर नव्हता.

पाणी सोडणारे मामा मला टाकीखालच्या खोलीत घेऊन गेले. पावडरचे पोते मोटारीशेजारी, तोंड उघडे, निम्मे दमट झालेले. मी चिमूट नाकाशी नेली, वास नाही. "रोज टाकतो बगा, एक दिवस खाडा नाही," मामा म्हणाले. त्यांचे खरे होते. ते इमानदारीने रोज चुना टाकत होते! ताज्या टीसीएलमध्ये शंभराला तेहतीस भागांच्या आसपास क्लोरीन असतो. दमट हवेत, उन्हात, उघड्या तोंडाने ठेवली की तो उडून जातो आणि उरतो नुसता चुना. पावडर घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, अंधारात, कोरड्या जागी हवी, आणि लोखंडी मोटारीपासून लांब. हजार लिटरला पाच ग्रॅम हे माप. बादलीत कालवावी, गाळ खाली बसू द्यावा, वरची निवळी टाकीत ओतावी आणि तासभर थांबून मग पाणी सोडावे. मग शेवटच्या घरच्या नळाचे पाणी चाचणीच्या नळीत घेऊन ओटीचे थेंब टाकायचे. पिवळे झाले तर औषध शेवटपर्यंत पोचले. ते पाणी प्यायचे नाही, फेकून द्यायचे.

आता पैशाचे गणित. ते आम्ही तिघांनी मिळून सरपंचबाईंच्या ओसरीवर मांडले, तुम्हीही आपल्या गावचे आकडे घालून मांडा. जलजीवन मिशनचे माप माणशी रोज ५५ लिटर. दोन हजार माणसांना १ लाख १० हजार लिटर. त्याला टीसीएल रोज ५५० ग्रॅम, वर्षाला दोनशे किलो. किलोला ४० रुपये धरा, झाले ८,००० रुपये. चारशे घरांत वाटले तर घरटी वर्षाला २० रुपये. ऐकून सरपंचबाई गप्पच झाल्या. मग म्हणाल्या, "वीस रुपयांत? वीस रुपयांत तर सलाईनची सुईसुद्धा लावत नाही कुणी."

मग खर्च जातो कुठे? पाणी विहिरीतून उचलून टाकीवर चढवायला, मोटार जुनी आहे हे धरून, रोज ४५ युनिट लागतील असे आम्ही मानले. युनिटला ७ रुपये धरून वर्षाची वीज १ लाख १५ हजार. मामांना महिना ६,००० द्यायचे, ते ७२,०००. मोटार जळणे, व्हॉल्व्ह, वाहिनीची डागडुजी यांना ४०,०००. औषधासकट एकूण २ लाख ३५ हजार. घरटी वर्षाला ५८८ रुपये, म्हणजे महिन्याला ४९. शुद्धीकरणाचा वाटा त्यात तीस रुपयांमागे एक रुपयाच्या आसपास. जास्त पैसा जातो तो पाणी उचलण्यात. आणि तिसरा हिस्सा पाणी वाटेत गळत असेल, तर तेवढेच पाणी घरी पोचवायला दीडपट उपसावे लागते. विजेचे १ लाख १५ हजार थेट १ लाख ७२ हजारांवर जातात. गळका सांधा आजार आत आणतो तो आणतोच, वर वीजही खातो.

पाणीपट्टी भरणारे निम्मेच असतील तर? मग भरणाऱ्याच्या माथी महिन्याला शंभर येतात, किंवा बिल थकते, जोडणी तुटते आणि बाया पुन्हा शेतातल्या विहिरीकडे निघतात. वित्त आयोगाचा पैसा आहे ना, असे कोणी म्हणेल. आहे. पंधराव्या आयोगाने २०२१ ते २०२६ या वर्षांत ग्रामपंचायतीला दिलेल्या निधीपैकी ६० टक्के बांधील ठेवला, निम्मा स्वच्छतेला आणि निम्मा पाण्याला. पण त्यातून पगार देता येत नाही. म्हणजे पाइप आणता येतो, पण तो बघणाऱ्या मामांचे सहा हजार गावालाच उभे करावे लागतात. योजना बांधून देणारे पुष्कळ मिळतात, चालवायची वेळ आली की ग्रामपंचायत एकटी असते. माझ्या मते, योजना मंजूर होताना नारळ फोडण्यापूर्वी हे महिन्याचे ४९ रुपये ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवले पाहिजेत.

त्याच गावातल्या दारोदारच्या प्लास्टिकच्या जारचे काय? वीस लिटरचा जार दहा रुपयांना धरला आणि रोज एक घेतला तर महिन्याला तीनशे होतात. पट्टीचे पन्नास जड वाटणारे घर जारचे तीनशे मुकाट्याने देते. आणि पाणी गार लागले म्हणजे शुद्ध झाले असे नाही. जार कुठे भरला, कशाने धुतला, हे कोणी पाहिलेले नसते.

संध्याकाळी एका घरापुढे सरपंचबाई थबकल्या. ओसरीवर तान्हे बाळ पाळण्यात, मागे बोअर, आणि बोअरला लागूनच उकिरडा. इथे टीसीएल चालत नाही हे मला सांगावे लागले. उकिरडा, शौचखड्डा आणि शेतातला जास्तीचा युरिया यांतून नायट्रेट झिरपून खाली जाते. तान्ह्या बाळाला वरच्या दुधात ते पाणी गेले तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते, ओठ-नखे निळी पडतात. आजी लगेच म्हणाल्या, "आमी उकळून देतो की." नेमके तिथेच फसते. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट मरत नाही. उलट पाणी आटते आणि ते जास्त दाट होते. तुरटीने जात नाही, फडक्याने जात नाही, क्लोरीनने जात नाही. ते काढायची यंत्रे आहेत, पण ती चालवणे, दुरुस्त करणे आणि त्यातून निघणारे खारट पाणी कुठे सोडायचे हे पाहणे दोन हजार वस्तीच्या ग्रामपंचायतीला झेपणारे नाही. इथे एकच इलाज, बाळाचे पाणी बदलायचे. उकिरडा लांब न्यायचा, सांडपाण्याचा खड्डा लांब घ्यायचा, युरिया माती तपासून द्यायचा, आणि सार्वजनिक विहिरीभोवतीचा पट्टा जपायचा. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर-बोअर नको, असा कायदा आपल्या राज्याने १९९३ सालीच केला. तो किती गावांना माहीत आहे, हे तुम्हीच आपल्या पारावर विचारून पाहा. आणि जिथे सगळेच बोअर बिघडले, तिथे चार गावांनी मिळून धरणाचे पाणी आणणे हाच मार्ग. एका गावाला न परवडणारी वाळूची गाळणी दहा गावांना परवडते. पण दहा गावांत एकाने पट्टी थकवली की उरलेल्या नऊंचेही पाणी अडते, हेही विसरू नका.

परत येताना सरपंचबाईंनी कपाटातून एक पिवळे कार्ड काढून दाखवले. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर आरोग्य खात्याची माणसे गावातली विहीर, टाकी, गळती, औषधाचा साठा तपासतात. मोठा धोका असला तर लाल कार्ड, मध्यम असला तर पिवळे, कमी असला तर हिरवे. तुमच्या ग्रामपंचायतीचे कार्ड कोणत्या रंगाचे आहे? ते मागून बघायला कोणाची परवानगी लागत नाही. ग्रामसेवकांना (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) विचारा. पाण्याचा शेवटचा तपासणी अहवालही मागा. त्यात जडपणा, नायट्रेट आणि जंतू, एवढ्या तीन ओळी वाचल्या तरी पुरे.

मी परतलो त्याला दोन महिने झाले. परवा सरपंचबाईंचा फोन आला. ग्रामसभेत ओसरीवरचे गणित त्यांनी खडूने फळ्यावर लिहिले. बराच आरडाओरडा झाला. एका आबांनी "आमच्या बापजाद्यांनी नदीचं पाणी पिलं" म्हणून उभे राहून भाषण केले, तेव्हा मागून एका बाईने त्यांना नारूची आठवण करून दिली आणि आबा खाली बसले. महिना पन्नास रुपये पट्टी ठरली. चारशेपैकी २६० घरांनी पहिला महिना भरला. गटारातली वाहिनी काढून रस्त्याच्या दुसऱ्या कडेने नेली. पावडरला झाकणाचा डबा आला आहे.

"अन् ते बाळ?" मी विचारले.

"त्याला आता शाळेजवळच्या सार्वजनिक विहिरीची कळशी जाते रोज. अहवालात तिचं नायट्रेट पंचेचाळीसच्या आत आलं. उकिरडा अजून हलला नाही, भावकीचं भांडण हाय त्यात." मग मामांनी फोन घेतला. "दादा, आज पार शेवटच्या घरी पिवळं आलं बगा," म्हणाले, आणि मोटार बंद करायची वेळ झाली म्हणून फोन ठेवला.